अठरा वर्षांचा राखणदार : लिनक्सच्या दोन शाखांची गोष्ट

१/ नोव्हेंबर २००१. लिनक्स कर्नेलच्या स्थिर शाखेची जबाबदारी ब्राझीलमधील मार्सेलो तोसात्ती या तरुणाकडे आली. वय अवघे १८. ती शाखा तेव्हा हेलकावे खात होती. 'स्थिर' आणि 'विकास' या दोन शाखांचा संसार एकत्र कसा चालवायचा, या जुन्या पेचाचा हा इतिहास.

२/ कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटप तोच करतो. लिनक्सची तेव्हाची रीत सोपी होती. आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर शाखा स्थिर (२.०, २.२, २.४), विषम असेल तर प्रयोगांची (२.१, २.३, २.५).

३/ प्रत्यक्षात ही शिस्त पाळणे कठीण गेले. जानेवारी २००१ मध्ये २.४ आली, पण २.५ उघडायला नोव्हेंबर उजाडला. प्रयोगांना अंगण नव्हते, म्हणून ते घरात शिरले. सप्टेंबरमध्ये २.४.१० या आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी रिक व्हॅन रील यांची मेमरी-व्यवस्था बाजूला सारून आंद्रेआ आर्कान्जेली यांची बसवली. ॲलन कॉक्स यांनी मात्र आपल्या स्वतंत्र शाखेत काही काळ जुनीच व्यवस्था राखली. 'स्थिर' कर्नेलचे असे दोन पाठ झाले.

४/ २३ नोव्हेंबरला २.४.१५ प्रसिद्ध झाली आणि त्याच पायावर २.५.० उघडली. त्या पायातच दोष निघाला : फाइलप्रणाली अनमाउंट करताना डेटा बिघडू शकत होता. तीन दिवसांत २.४.१६ आली. तोसात्ती यांच्या कारकिर्दीचा आरंभ हा असा झाला.

५/ दोन शाखांचा खरा भार पुढे जाणवला. २.४ मधील दुरुस्त्या २.५ पर्यंत आपोआप पोहोचत नसत. डेव्ह जोन्स यांनी त्या वेचून पुढे नेण्याचे काम केले. उलट दिशेने, ग्राहक थांबायला तयार नसल्याने वितरक नव्या सोयी मागे आणत. २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये २.५ साठी घडलेली थ्रेडची नवी यंत्रणा २.४ वर बसवलेली होती.

६/ २.६ डिसेंबर २००३ मध्ये आली. जुलै २००४ मध्ये ओटावा येथील परिषदेत ठरले : २.७ तूर्त उघडायची नाही, विकास २.६ मध्येच चालेल. मग स्थैर्याचे काय? मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११.१ पासून नवी स्थिर मालिका सुरू केली. तिचे नियम कडक होते : दुरुस्ती १०० ओळींच्या आत हवी, निःसंशय बरोबर आणि तपासलेली हवी, आणि तिने खराखुरा दोष दूर केला पाहिजे. पुढे मुख्य शाखेत आधी प्रवेश, ही अटही रूढ झाली. दुरुस्ती हरवण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली.

७/ या नव्या व्यवस्थेत केव्हीएमचा जन्म झाला. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारा हा प्रकल्प इस्रायलच्या कुमरानेट कंपनीतील आवी किविटी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केला. फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० मध्ये तो कर्नेलचा भाग झालेला होता. केंब्रिजमध्ये घडलेला झेन त्याहून जुना, २००३ चा. पण यजमान म्हणून झेन चालवण्याचा पुरेसा आधार मुख्य कर्नेलमध्ये यायला २०११ ची ३.० आवृत्ती उजाडली. तोवर कर्नेल बदलला की झेनचे पॅच नव्याने जुळवणे आले.

८/ केव्हीएमने मेमरी-व्यवस्था नव्याने लिहिली नाही. पाहुण्या यंत्राची मेमरी ही यजमान लिनक्सच्या एका प्रोसेसचीच मेमरी असते आणि त्याचा प्रत्येक आभासी प्रोसेसर हा एक थ्रेड असतो. त्यामुळे कर्नेलमधील सुधारणा केव्हीएमला आयत्या मिळतात, आणि कर्नेलचा पाया डळमळला तर सारे पाहुणे एकदम हादरतात.

९/ सुरुवातीला केव्हीएमच्या क्रमांकित आवृत्त्या भराभर येत. नवे ते त्यांत आधी दिसे; स्थैर्य हवे असणारे कर्नेलसोबतची प्रत वापरत. पुढे कामाची वाटणी नीट बसली : 'मास्टर' शाखेत चालू आवृत्तीच्या दुरुस्त्या, 'नेक्स्ट' मध्ये पुढच्या आवृत्तीची नवी कामे, आणि जुन्या कर्नेलना लागणाऱ्या दुरुस्त्या स्थिर मालिकेकडे. शाखा दोनच राहिल्या नाहीत, पण त्यांच्यातले अंतर वर्षांवरून आठवड्यांवर आले.

१०/ सप्टेंबर २००८ मध्ये रेड हॅटने १० कोटी ७० लाख डॉलरला कुमरानेट विकत घेतली. त्यानंतरच्या काळात कर्नेलच्या नोंदीत केव्हीएमचे सांभाळकर्ते म्हणून किविटी यांच्यासोबत आणखी एक नाव दिसते : मार्सेलो तोसात्ती. पाया बदललेली २.४ ज्याने अठराव्या वर्षी हाती घेतली, त्याच्याकडेच आता त्या पायावर उभ्या असलेल्या पाहुण्यांची राखण आली होती.