एक स्थळ, दोन नावे : कॅनडाच्या नकाशावरून काही विचार

सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन भाषांच्या सीमेवरील एका जिल्ह्यात काम करीत असताना एका दिवंगत सैनिकाच्या पत्नीचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्यासमोर आले होते. त्यात वादाचे असे काहीच नव्हते. मृत्यूचा दाखला होता, विवाहाची नोंद होती, ओळख पटविणारे साक्षीदारही होते. तरीही संबंधित कार्यालयाने ते प्रकरण तीन वेळा त्रुटी काढून परत पाठविले होते. कारण एवढेच, की सेवापुस्तकात गावाचे नाव इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिले होते, महसुली दप्तरात ते दुसऱ्या तऱ्हेने होते आणि मतदार यादीत शेजारच्या भाषेतील उच्चाराप्रमाणे तिसऱ्याच तऱ्हेने. बाई मला म्हणाल्या, "साहेब, गाव एकच आहे. मी तिथेच नांदले." ही तिन्ही नावे एकाच गावाची आहेत असा दाखला मी दिला, आणि पैसे सुरू झाले. मात्र या एका ओळीच्या दाखल्यासाठी त्यांना दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले होते.

एकाच जागेला दोन भाषांत दोन नावे असणे ही जगरहाटी आहे. प्रश्न असा, की शासनाने यांपैकी कोणते नाव खरे मानावे, आणि दोन्ही मानायची तर त्याचा हिशेब कसा ठेवावा? या प्रश्नाचा अत्यंत चिकाटीने विचार करणारा एक देश म्हणजे कॅनडा. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषांच्या या देशाने स्थळनामांचा जो व्यवहार बसविला, तो आपल्यासारख्या बहुभाषिक देशातील प्रशासकाने अभ्यासावा असा आहे.

प्रथम थोडा इतिहास. १७५९ साली क्वेबेक आणि १७६० साली माँट्रियल इंग्रजांच्या हाती पडले. ज्या महिन्यात पानिपतावर आपली दाणादाण उडाली, त्याच जानेवारी १७६१ मध्ये फ्रेंचांचे पाँडिचेरीही इंग्रजांनी घेतले. फेब्रुवारी १७६३ मधील पॅरिसच्या तहाने या दोन मुलखांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पाँडिचेरी फ्रान्सला परत मिळाले, आणि कॅनडा मात्र कायमचा इंग्रजांकडे गेला. एकाच दस्तऐवजाने अशा रीतीने एका खंडात फ्रेंच नावांना इंग्रज राज्यकर्ते दिले, तर दुसऱ्या खंडात फ्रेंच नावे आणखी दोन शतके टिकविली.

राज्य बदलले की नकाशा बदलतो, हे कॅनडात तहापूर्वीच सुरू झाले होते. १७१० साली इंग्रजांनी जिंकलेल्या पोर्ट-रॉयलचे, राणी ॲनच्या नावावरून, ॲनापोलिस रॉयल झाले. फ्रेंचांचे 'ईल सँ-झाँ' हे बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर, १७९९ पासून, राजपुत्र एडवर्ड यांच्या नावाने प्रिन्स एडवर्ड आयलंड झाले. पुढे त्या इंग्रजी नावाचे पुन्हा फ्रेंच भाषांतर होऊन 'ईल-द्यु-प्रँस-एदुआर' हे आजचे फ्रेंच नाव बनले. म्हणजे आज तेथील फ्रेंच भाषिक आपल्या भाषेत जे नाव उच्चारतात, ते त्यांचे मूळ नाव पुसून लिहिलेल्या नावाचा तरजुमा आहे. 'लाक स्युपेरिअर' या फ्रेंच नावाचा अर्थ 'वरचे सरोवर' एवढाच होता. इंग्रजांनी शब्द तसाच उचलून 'लेक सुपीरियर' केले, आणि इंग्रजी कानाला ते 'श्रेष्ठ सरोवर' वाटू लागले. नोव्हा स्कोशिया या प्रांताची तऱ्हा तर आणखी निराळी. इंग्रजीत त्याचे नाव १६२१ च्या सनदेतील लॅटिन आहे, तर फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लावून 'नुव्हेल-एकॉस', म्हणजे नवे स्कॉटलंड, असे म्हणतात.

या गुंत्यात शासनाने पद्धतशीर लक्ष घातले ते १८९७ च्या डिसेंबरमध्ये. उत्तर आणि पश्चिमेकडील मुलखाची पाहणी, खाणी आणि नव्या वसाहती यांमुळे एकाच नदीला पाहणी खाते एक नाव देई, टपाल खाते दुसरे आणि भूगर्भ खाते तिसरे. हे थांबविण्यासाठी भौगोलिक नावांचे एक मंडळ स्थापन झाले. पुढे त्याची नावे बदलत गेली (नावांच्या मंडळाचेच नाव वारंवार बदलावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे), आणि २००० पासून ते 'जिऑग्राफिकल नेम्स बोर्ड ऑफ कॅनडा' म्हणून ओळखले जाते. क्वेबेक प्रांताने १९१२ साली आपला स्वतंत्र भूगोल आयोग नेमला. १९६१ साली महत्त्वाचा निर्णय झाला : प्रांताच्या हद्दीतील नावे ठरविण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला. १९८४ साली उत्तरेकडील दोन्ही प्रदेशांनाही तो मिळाला. केंद्राकडे समन्वय, नोंद आणि नकाशे उरले.

इतके झाल्यावर १९६९ चा राजभाषा कायदा आला. संघराज्याच्या सर्व कारभारात इंग्रजी आणि फ्रेंच यांना समान दर्जा मिळाला. आता अडचण अशी, की नावे ठरविणार प्रांत, आणि दोन्ही भाषांत नकाशे छापण्याचे बंधन केंद्रावर. मग प्रत्येक ओढ्याला, टेकडीला, खेड्याला दोन नावे द्यायची काय? तसे केले असते तर लक्षावधी नावांची भाषांतरे करावी लागली असती, आणि त्यांतील बहुतेक नावे तेथे राहणाऱ्या कोणीही कधी उच्चारली नसती.

यावर १९८३ साली केंद्रीय कोषागार मंडळाच्या एका परिपत्रकाने जो तोडगा काढला, तो मला प्रशासकीय शहाणपणाचा उत्तम नमुना वाटतो. संपूर्ण देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सुमारे ८० नावांची एक यादी निश्चित करण्यात आली. प्रांत, महासागर, मोठी सरोवरे, प्रमुख नद्या, पर्वतरांगा. या नावांना दोन्ही भाषांत अधिकृत रूप मिळाले : हडसन बे आणि 'बे द्-हडसन', रॉकी माउंटन्स आणि 'मोंताञ रोशूझ', सेंट लॉरेन्स रिव्हर आणि 'फ्लव्ह सँ-लोराँ'. उरलेल्या नावांना नकाशावर एकच रूप, प्रांताने मान्य केलेले. गावे आणि शहरे यांची नावे सर्वसाधारणपणे भाषांतरित करायची नाहीत. इंग्रजी नकाशावरही 'त्र्वा-रिव्हिएर'चे 'थ्री रिव्हर्स' होणार नाही, आणि फ्रेंच नकाशावरही मेडिसिन हॅट तसेच राहील.

हा नियम वरवर रुक्ष वाटेल. पण त्यामागील विचार सखोल आहे. महासागर किंवा पर्वत कोणाच्या पत्त्यात येत नाही. शहर येते. पत्ता म्हणजे टपाल, मालमत्तेची नोंद, न्यायालयाचे समन्स, निवडणुकीची यादी. तेथे नावाची दोन रूपे झाली की माणसाची दोन माणसे होतात. माझ्या त्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणाची मेख नेमकी येथेच होती.

नियमाचे बारकावे तर नमुनेदार आहेत. नावाचे दोन भाग मानले जातात : विशेष भाग आणि जातिवाचक भाग, म्हणजे नदी, सरोवर, भूशिर इत्यादी. विशेष भागाला हात लावायचा नाही, मात्र लिखाणाच्या ओघात जातिवाचक भाग भाषांतरित करता येतो. इंग्रजीत तो बहुधा शेवटी येतो, फ्रेंचमध्ये आधी. शिवाय इंग्रजीत प्रत्येक नदी 'रिव्हर' असली तरी फ्रेंच भाषा समुद्राला मिळणाऱ्या नदीला 'फ्लव्ह' आणि दुसऱ्या नदीला मिळणारीला 'रिव्हिएर' म्हणते. आपल्याकडे ब्रह्मपुत्र हा नद आणि गंगा ही नदी, तसाच हा भेद. दुसरा बारकावा क्वेबेकचा. प्रांताचे नाव त्या ८० च्या यादीत असल्याने इंग्रजीत ते उच्चारचिन्हाशिवाय लिहितात. परंतु त्याच नावाचे शहर यादीत नाही, म्हणून संघराज्याच्या इंग्रजी लिखाणातही शहराच्या नावातील 'ई' या अक्षरावर फ्रेंच चिन्ह देतात. एका टिंबाएवढ्या रेघेवरून प्रांत की शहर हे कळावे, अशी ही व्यवस्था!

अपवादही आहेत. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातील एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. तेथील एका गावाचे अधिकृत नावच 'ग्रँड फॉल्स / ग्राँ-सो' असे जोडनाव आहे. ओंटारिओतील सडबरी शहर २००१ च्या एकत्रीकरणानंतर 'ग्रेटर सडबरी' आणि 'ग्राँ सडबरी' झाले. जेथे दोन्ही भाषांचे लोक खरोखर शेजारी नांदतात, तेथे दोन्ही नावे स्वीकारली गेली. नियम ताठ आहे, पण आंधळा नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की कॅनडाने प्रश्न सोडविला. तसे नाही. १९७७ साली क्वेबेकने फ्रेंच भाषेची सनद केली, आणि जुन्या भूगोल आयोगाच्या जागी स्थळनाम आयोग आला. या आयोगाने मान्य केलेले नाव राजपत्रात प्रसिद्ध झाले की ते वापरणे बंधनकारक ठरते. सनदेला २० वर्षे झाली तेव्हा, १९९७ साली, आयोगाने उत्तरेकडील कानियापिस्को जलाशयातील १०१ बेटांना फ्रेंच साहित्यातील शब्दसमूहांवरून नावे दिली. कल्पना काव्यमय होती. परंतु ही बेटे म्हणजे वीजप्रकल्पाच्या पाण्याखाली गेलेल्या डोंगरांचे माथे होते. त्या डोंगरांवर क्री लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकार केली होती, आणि त्यांना त्यांची नावे होती. क्री लोकांनी तीव्र हरकत घेतली. आधी जमीन बुडाली, आता नावेही बुडत होती.

या घटनेने माझ्या मते द्विभाषिकतेची मर्यादा स्पष्ट केली. इंग्रजी आणि फ्रेंच ही दोन्ही नावे बाहेरून आलेल्यांची. 'कॅनडा' हे नावच मुळी १५३५ च्या सुमारास कार्तिए याने ऐकलेल्या, गाव या अर्थाच्या 'कनाटा' या स्थानिक शब्दावरून आले. दोन मोठ्या भाषांना समान न्याय देण्याच्या गडबडीत तिसरी, आद्य भाषा हिशेबातून निसटली होती. तिची भरपाई हळूहळू होत आहे. १९८७ साली फ्रोबिशर बे या वस्तीने इकालुइत हे, 'पुष्कळ माशांची जागा' या अर्थाचे, इनुइत नाव परत घेतले. २०१० साली क्वीन शार्लट बेटे 'हैदा ग्वाई' झाली. इकालुइतच्या नावात २००९ साली एका सरकारी प्रसिद्धीपत्रकात एक अक्षर जास्तीचे पडले आणि अर्थ येथे लिहिण्याजोगा राहिला नाही. भाषा न जाणता नाव लिहिणाऱ्यांसाठी एवढा धडा पुरे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात देशाला इंडिया आणि भारत अशी दोन नावे आहेत. म्हणजे द्विनामाचे तत्त्व आपण कॅनडाच्या १९८३ च्या परिपत्रकापूर्वीच, आणि सर्वोच्च पातळीवर, स्वीकारले आहे. रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी एकत्र नांदतात. १९९५ पूर्वी मराठीत मुंबई, हिंदीत बंबई आणि इंग्रजीत बॉम्बे ही तिन्ही नावे एकाच वेळी चालत होती. आपला कल मात्र पुढे एका नावाकडे गेला : मुंबई १९९५, चेन्नई १९९६, कोलकाता २००१. त्यामागील स्वाभिमान समजण्यासारखा आहे. परंतु जुन्या कागदांवरील जुन्या नावाचे काय, हा प्रश्न नाव बदलल्याने सुटत नाही. १९५३ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने नामांतराबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत लोकांच्या अंगवळणी पडलेली नावे शक्यतो बदलू नयेत, असे सुचविले होते. त्यातील सावधगिरी आजही मननीय आहे.

आणि पाँडिचेरी? नोव्हेंबर १९५४ मध्ये तिचा कारभार भारताकडे आला, १९६२ साली कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले, आणि ऑक्टोबर २००६ पासून तिचे अधिकृत नाव पुदुच्चेरी आहे. तेथील जुन्या भागात हिंडताना निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ अक्षरे शेजारी शेजारी दिसतात. १७६३ च्या तहाने वेगळ्या केलेल्या दोन मुलखांत फ्रेंच नावे अशी आपापल्या शेजारणीबरोबर संसार करीत आहेत.

कॅनडाचा नियम जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. तेथे दोन राजभाषा आहेत, आपल्या आठव्या अनुसूचीतच २२ भाषा आहेत. पण त्यातील गाभा घेण्यासारखा आहे. कोणती नावे दोन रूपांत राहतील हे ठरवून लिहावे. पत्त्यात येणारे नाव शक्यतो एकच असावे. आणि जुनी, शेजारच्या भाषेतील, बोलीतील सर्व रूपे त्या एका नावासमोर पर्यायी म्हणून नोंदलेली असावीत. संगणकीकृत दप्तरात हे काम एका रकान्याचे आहे. तेवढा रकाना असता, तर त्या बाईंना दोन वर्षे हेलपाटे पडले नसते. गाव त्यांचे एकच होते, आणि ते कोणते हे त्यांना कधीही ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक नव्हते ते आम्हाला.