चुलीपाशी शिकवलेले आहारशास्त्र : जामखेड ते रायपूर

आधी थोडे गणित करू. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर अन्न मावते. तेवढी पातळ पेज दिली तर त्याला सुमारे ७० किलोकॅलरी मिळतात. तेच अन्न चमच्यावर टिकेल इतके घट्ट शिजवले, तर जवळजवळ २४०. वर चमचाभर तेल घातले की आणखी ४०. मी अभियांत्रिकी शिकवतो, म्हणून याला ऊर्जाघनता म्हणतो. छत्तीसगडमधली मितानिन हा शब्द न वापरता तेच सांगते. आरोग्यसेवेत येणाऱ्या माणसाला स्वयंपाकातले हे ज्ञान द्यायला हवे, हे आपल्याकडे कोणाला कधी सुचले ते पाहू.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. गावाला मात्र औषधाआधी पाणी आणि अन्न हवे होते; १९७२ चा दुष्काळ तर तोंडावरच होता. तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवावी लागली. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच जणी दलित होत्या. त्या नेमाने जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन घरोघर सांगत. वाचता न येणाऱ्या बाईपुढे जीवनसत्त्वांचा तक्ता टांगून काय उपयोग? घरात जे आहे, त्यातूनच शिकवणे भाग होते. माझ्या मते जामखेडचे मोठेपण याच अडचणीतून आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आमच्याकडे या. छत्तीसगड राज्य २००० मध्ये झाले आणि २००२ मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. इथे मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला, जन्मभराचा मित्र. मितानिन म्हणजे तशी मैत्रीण. सरकारी योजनेला इतके चांगले नाव क्वचितच मिळते! गावाला एक नव्हे, तर पाड्याला एक, अशा सुमारे ६० हजार मितानिनी झाल्या. त्यांच्या प्रशिक्षणाची धुरा रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने वाहिली. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न काय, किती घट्ट आणि दिवसातून किती वेळा द्यायचे, हे त्या आईजवळ बसून सांगतात. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीमागे हाच अनुभव होता. तीन वर्षांखालच्या मुलांना सांभाळणाऱ्या आणि ताजे शिजवून जेवू घालणाऱ्या ‘फुलवारी’ बिलासपूरजवळच्या गनियारीतल्या जन स्वास्थ्य सहयोगने चालवल्या. पुढे सरकारनेही त्या धर्तीवर योजना आणली.

भावी डॉक्टरांचे काय? न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी स्वयंपाकघरच उघडले. आपल्या २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात, स्थानिक अन्न आणि कुटुंबाची ऐपत पाहून आहार सुचवता यावा अशी अपेक्षा आहे. पण ती ‘कृत्रिम परिस्थितीत’, म्हणजे वर्गातल्या वर्गात. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलालासुद्धा कार्यशाळेत कानस हातात धरावीच लागते, नुसते रेखाटन चालत नाही.

ओळखीच्या एका अंतिम वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला मी विचारले, “वाटीभर तांदळाच्या घट्ट पेजेला पाणी किती?” तो हसला. म्हणाला, “सर, आईला विचारून सांगतो.”