सोंगाला सबब हवी

विनोदी चित्रपट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना बदलावे काय लागते? नावे, पोशाख, संवाद तर बदलतातच. पण दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा मला जाणवले की खरा बदल करावा लागतो तो पात्रे सोंग का घेतात, या कारणात.

पहिले उदाहरण अमेरिकेतले. १९३५ साली रिशार पोतिए यांनी 'फांफार द'आमूर' हा फ्रेंच चित्रपट केला. काम नसलेले दोन वादक बायकांचे कपडे घालून बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात, ही त्याची गंमत. १९५१ मध्ये कुर्ट होफमान यांनी त्याचीच जर्मन आवृत्ती काढली. तिथे पोटापाण्याची अडचण एवढी सबब पुरली.

बिली वाइल्डर यांनी त्यावरून १९५९ मध्ये 'सम लाइक इट हॉट' केला, तेव्हा ही सबब त्यांना अपुरी वाटली. नाझी सत्तेवर येताच बर्लिन सोडून ते अमेरिकेत आले होते. सहलेखक आय. ए. एल. डायमंड यांचा जन्मही रुमानियातला. बाहेरून आलेल्या या दोघांनी अमेरिकेचा स्वभाव नीट पारखला होता. त्यांनी कथा दारूबंदीच्या काळात नेली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत टोळीयुद्धात सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. त्या हत्याकांडावर बेतलेला प्रसंग हे वादक पाहतात आणि गुंडांपासून जीव वाचवण्यासाठी बायका होतात. जर्मन आणि फ्रेंच चित्रपटांत हे गुंड नाहीत.

या बदलाने दोन कामे झाली. कंटाळा आला म्हणून सोंग उतरवण्याची सोय उरली नाही. उतरवले की मरण. आणि पुरुषाने बाईचे कपडे घालणे ज्या पडद्यावर खटकत होते, तिथे प्रेक्षकाला हसायला मोकळीक मिळाली. तरीही अमेरिकी चित्रसंहितेच्या मान्यतेशिवायच तो प्रदर्शित झाला.

दुसरे उदाहरण आपले. हृषीकेश मुखर्जी यांचा 'बीवी और मकान' १९६६ चा. त्यावरून सचिन पिळगांवकर यांनी १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' केला. कथा पुण्यात आली. लेखन वसंत सबनीसांचे, म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याच्या लेखकाचे. हा योग मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या बारामती-इंदापूर भागात जत्रेतल्या तमाशाच्या कनातीत बसलेल्या माणसाला पुरुषाने नेसलेल्या लुगड्याचे नवल नव्हते. गवळणीतली मावशी पुरुषच करी, आणि ती आली की हशा ठरलेला. त्याला लुगड्याची सबब नको होती. त्याला हवी होती खोटे बोलण्याची सबब, आणि ती सबनीसांनी खोलीत ठेवली.

नीरेच्या कालव्याने या भागात ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. बारामतीत १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय होते. तरी कित्येक शिक्षणक्रमांसाठी आणि नोकरीसाठी पोरांना पुणेच गाठावे लागे. तिथे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे एकदा घुसलेला भाडेकरू सहजी निघत नसे, म्हणून घरमालक माणूस पारखून घेई. इंदापूर तालुक्यातून गेलेल्या माझ्यासारख्याला ट्रंक खाली ठेवण्याआधी प्रश्न येई, "लग्न झालंय का?" नाही म्हटले की दार बंद. चित्रपटातल्या लीलाबाई काळभोरही जोडप्यांनाच जागा देतात. चौघांपैकी दोघे बायका होतात ते डोक्यावर छप्पर हवे म्हणून. इथे पिस्तूल नाही, पण सोंग उतरवले तर रस्ता आहे.

ही रीत जुनी आहे. मोलिएरचे १६६० चे फ्रेंच प्रहसन आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये इंग्रजी रंगभूमीवर आणले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' लिहिले. पुढे त्याचेच 'संगीत संशयकल्लोळ' झाले. तसबिरीचा घोटाळा तोच राहिला, पण मर्फीची नायिका प्रतिष्ठित घरातली, तर देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. तिच्यावर संशय घ्यायला समाज आधीच टपलेला होता. त्यामुळे अश्विनशेठचा संशय आपल्या प्रेक्षकाला पटला आणि रेवतीचा संतापही.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. विनोदाच्या बाबतीत मी त्यात एवढीच भर घालीन की अडचणीचेही सोंग आणता येत नाही. घोटाळा उसना चालतो. अडचण मात्र त्या त्या गावची लागते. आज बारामतीतच बाहेरगावची मुले शिकायला येतात आणि खोलीचे दार वाजवतात. दार उघडणाऱ्याचा पहिला प्रश्न फारसा बदललेला नाही, आणि म्हणूनच १९८८ चा तो चित्रपट त्यांनाही समजावून सांगावा लागत नाही.