दार कुणासाठी उघडतं?

गावोगावी घरकुलांची, नव्या घरांची कामं चालू आहेत. पाया, भिंती, स्लॅब हे गवंडी पाहतो. पण पुढच्या दाराची गोष्ट निघाली की घरातलं प्रत्येक माणूस बोलतं. म्हणून आज आपल्या नाशिकच्या दारांचा इतिहास सांगते.

पेशवाईत नाशिकचं महत्त्व वाढलं. गोदाकाठी सरकारवाडा उभा राहिला, चांदवडला होळकरांचा रंगमहाल. अशा वाड्यांचं दार सुतार घराची गरज पाहून घडवी. काळ लढायांचा आणि लुटालुटीचा, म्हणून फळ्या जाड सागवानी आणि आतून आडवा अडसर. सागाच्या लाकडात मूळचंच तेल असतं, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. मोठं दार रोज उघडत नसत. त्यातच लहान दिंडी असे. तिच्यातून वाकून, एका वेळी एकानंच आत यायचं. आत दोन्ही बाजूंना देवड्या, तिथे पहारेकरी. चौकटीवर गणेशपट्टी, तळाला उंच उंबरठा. हा उंबरठा चौकटीचे दोन्ही पाय बांधून ठेवी आणि पावसाचं पाणी, विंचूकाटा बाहेर अडवी.

साध्या घराला मात्र बाभळीची नाहीतर कडुलिंबाची चौकट. इंग्रजांनी 1878 मध्ये वनकायदा आणला, राखीव जंगलं केली, आणि सागवान गरिबाच्या हातून आणखी लांब गेलं.

दार परक्याला अडवतं, तसं आपल्या माणसालाही अडवतं. वाड्यातल्या बाईचा दिवस माजघरात आणि मागच्या चौकात जाई. ‘हिनं उंबरठा ओलांडला’ हा ठपका बाईवरच आला, पुरुषावर कधी आला नाही. आणि जातीच्या नावाखाली तर कितीतरी लोकांना दाराबाहेरच ठेवलं. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या साथीनं, हजारो माणसं नाशिकच्या काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. त्या सत्याग्रहात आपल्या आयाबायाही होत्या. देवाच्या दाराशी त्या माणूस म्हणून हक्क मागत होत्या.

आता आपल्या नव्या दाराकडे येऊ. आज वाडे पडतात आणि त्यांची दारं जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. घरी जुनं सागवानी दार असेल तर ते भंगाराच्या भावात देऊ नका. सुताराकडून आधी खिळे काढून घ्या, रंधा मारून घ्या, नव्या चौकटीत बसवा. नवं लाकूड घेतलंत तर ते पुरतं वाळलेलं आहे ना, हे पाहा. ओलं लाकूड पुढे वाकतं आणि दार घासायला लागतं.

पण मापं सांगताना बाईनं तिथे उभं राहावं. वाकून यायला लावणारी दिंडी आता कशाला? दार निदान 3 फूट रुंद असावं, म्हणजे चाकाची खुर्चीही आत येईल आणि धान्याचं पोतंही. उंबरठ्याची पूजा करायची तर जरूर करा, पण तो सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याला झेपेल इतकाच ठेवा. बाहेर कोण आलंय हे आतून दिसेल अशी सोय करा. कडी आपल्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर लावा.

शेवटची गोष्ट लाकडाची नाही, कागदाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात घर बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावावर मंजूर करण्याची तरतूद आहे. दारावरची पाटी तर कुणीही लावेल. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये आपलं नाव आहे का, ते पाहा. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला उतारा घेऊन या. जिचं नाव नसेल तिच्यासोबत आपण सगळ्या ग्रामपंचायतीत जाऊ.