निळा पट्टा आधी मास्तरांचा होता

आजचा विषय ब्राझिलियन जिऊ-जित्सू, पण सुरुवात सांगलीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आजोबांना मोबाईलवर माझ्या एका मॅचचा व्हिडिओ दाखवला. आजोबा तालमीत वाढलेले, लाल मातीतले. त्यांनी चष्मा वर केला, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले, "अरे लेका, तू तर पहिल्याच झटक्यात पाठ टेकलीस. संपली की कुस्ती!" मी समजावलं, आजोबा, यात पाठ टेकली की हार नसते. उताणं पडून पायांनी समोरच्याला धरायचं, त्याला 'गार्ड' म्हणतात, खेळ तिथूनच सुरू होतो. त्यांना काही पटलं नाही. पण मग त्यांनी विचारलं, "बरं, राहू दे. तुझा हुकमी डाव कुठला?"

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणजे बघा, तेव्हा मला ट्रेनिंग सुरू करून चार वर्षं झाली होती. कमरेला निळा पट्टा. फोनमध्ये सेव्ह केलेले दीडेकशे व्हिडिओ. पांढऱ्या पट्ट्यावाल्यांना दमवायचो, जांभळ्यावाले मला लाटणं फिरवल्यासारखे लाटायचे. माझ्याबरोबर निळा पट्टा मिळालेले तिघं वर्षभरात क्लास सोडून गेले होते. ही जगभरची तक्रार आहे, तिला 'ब्लू बेल्ट ब्लूज' असं नावही आहे. त्यात माझा उजवा गुडघा मुरगळला होता. खरं सांगायचं तर मीही सोडायच्याच बेतात होतो.

कोड चालेनासा झाला की मी आधी गिटचा इतिहास उघडतो, कुठल्या कमिटला काय बदललं ते बघतो. इथेही तेच केलं. हा निळा पट्टा मुळात आला कुठून?

१८८२ साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात जिगोरो कानो यांनी ज्युदोची शाळा काढली, कोदोकान. जागा किती, तर १२ चटया मावतील एवढी. जुन्या जुजुत्सूत जीवघेणे प्रकार पुष्कळ होते. कानोंनी ते ठरवून दिलेल्या कवायतीत, म्हणजे 'काता'त ठेवले. उरलेल्या डावांवर मोकळी झुंज सुरू केली, ती 'रांदोरी'. पूर्ण जोर लावून लढा, आणि संध्याकाळी धडधाकट घरी जा! मला हा शोध कुठल्याही डावापेक्षा मोठा वाटतो. कारण समोरचा खराखुरा विरोध करतोय आणि तरी उद्या परत यायचंय, याशिवाय मधल्या टप्प्यावरचं शिक्षण होतच नाही.

कोदोकानचे मित्सुयो माएदा १९०४ मध्ये अमेरिकेला गेले, देशोदेशी पैलवानांशी लढले, १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले आणि पुढे अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थायिक झाले. तिथे कार्लोस ग्रेसी नावाचा पोरगा त्यांच्या हाताखाली शिकला. त्यानं आपल्या भावांना शिकवलं. धाकटा भाऊ हेलिओ अंगानं किरकोळ, म्हणून ताकदीपेक्षा तरफेवर भर आला, अशी घराण्याची कथा. घराण्याच्या कथा थोड्या मीठ लावून घ्याव्यात, पण जमिनीवरचा खेळ या लोकांनी वाढवला हे नक्की.

आता पट्टा. रिओ दि जानेरोतल्या ग्रेसी अकॅडमीत सुरुवातीला तीनच रंग होते. शिकणाऱ्याला पांढरा, मदतनीस शिक्षकाला फिकट निळा आणि मुख्य शिक्षकाला गडद निळा. म्हणजे आज मी ज्या पट्ट्यावर रडत होतो, तो रंग मास्तरांचा होता! १९६७ मध्ये तिथे जिऊ-जित्सूचं फेडरेशन झालं आणि मोठ्यांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा ही शिडी आली. निळा एका रात्रीत शिखरावरून दुसऱ्या पायरीवर. २००९ मध्ये हेलिओ वारले, त्यानंतर त्यांचा मुलगा रॉईस काळा सोडून पुन्हा गडद निळा बांधायला लागला. वडिलांच्या आठवणीसाठी.

आजच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमात निळ्यावर किमान दोन वर्षं काढावी लागतात, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक. सगळ्यात लांब थांबा आपलाच. पण नुसतं थांबून काय होणार? मला जास्त भिडला तो पट्ट्यांचा नाही, क्लासचा इतिहास.

ग्रेसी अकॅडमीत शिकवणी मुख्यतः एकाला एक असायची. धडे ठरलेले, शिक्षक अंगावर घेऊन शिकवणार. नवख्यासाठी झकास. पण अर्धवट शिकलेला माणूस दुसऱ्या अर्धवट शिकलेल्याला भेटणार कधी? हे बदललं ते कार्लोसच्या मुलानं, कार्लसन ग्रेसीनं. त्यानं गटाचे वर्ग भरवले. कोपाकबानातल्या त्याच्या अकॅडमीत पुतण्यासारखा वाटावा असा धाकटा भाऊ रोल्सही शिकवायचा. रोल्स भारी माणूस होता. ज्युदो, साम्बो, अमेरिकन कुस्ती, जिथे मिळेल तिथून शिकायचा आणि चटईवर घासून बघायचा. १९८२ मध्ये हँग ग्लायडरच्या अपघातात गेला, वय अवघं ३१. पण एका चटईवर वीस-तीस जण रोज एकमेकांना भिडतायत, ही पद्धत राहिली. आज तू मला एका डावात पकडलंस, उद्या मी त्याची तोड घेऊन येणार, परवा तू तोडीची तोड. आपल्या तालमीत हेच चालतं की!

अशाच एका गर्दीत रॉबेर्तो कोरेया घडला. टोपणनाव गोर्दो, म्हणजे जाड्या. कार्लोस ग्रेसी ज्युनिअरच्या ग्रेसी बाहा या अकॅडमीतला. त्याचा गुडघा दुखावला (हे वाचताना मी उठूनच बसलो). दोन्ही पायांनी नेहमीसारखा गार्ड खेळता येईना. मग तो 'हाफ गार्ड'मध्ये राहायला लागला. म्हणजे खालून समोरच्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत अडकवायचा. तोवर ही जागा म्हणजे हरण्याच्या आधीचं शेवटचं स्टेशन समजली जायची. कसंबसं लटकून राहायचं, बस. गोर्दो मात्र तिथंच मुक्काम ठोकून बसला. कुशीवर वळायचं, उताणं सपाट पडायचं नाही. समोरच्याच्या काखेखालून हात घालून त्याच्या पाठीपर्यंत पोचायचं. मग एकतर त्याला उलटवायचं, नाहीतर बाहेर सरकून त्याच्या पाठीवर जायचं. वरच्यानं एक वाट बंद केली की दुसरी उघडते. आज हाफ गार्ड हा जगभर हल्ल्याचा गार्ड मानला जातो, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

मी फोनमधलं ते फोल्डर उडवलं. गुडघा बरा झाल्यावर चार महिने एकच काम. प्रत्येक राउंडला पार्टनरला सांगायचं, "हाफ गार्डपासून सुरू करू." तीन मिनिटं, परत तिथूनच. पांढऱ्या पट्ट्यावाल्यांवर नवीन गोष्टी जमवायच्या, बरोबरीच्यांवर तपासायच्या, जांभळ्यावाल्यांकडून मोडून घ्यायच्या. बसमध्ये घरी येताना फोनवर दोन ओळी लिहायच्या, आज कुठे अडलो. पहिला महिना भयंकर गेला. आधी जे मला हरवू शकत नव्हते ते हरवायला लागले. इगो दुखतो हो! एकानं तर विचारलं, "तुझं काही बिनसलंय का?" पण ओळी बदलत गेल्या. 'दबून गेलो' इतकंच लिहिणारा मी 'हात काखेत पोचला, पण डोकं चुकीच्या बाजूला होतं' असं लिहायला लागलो. एरर मेसेज नीट वाचता येऊ लागला, म्हणा ना.

मी अजून निळ्यावरच आहे. गेल्या आठवड्यात आजोबांना फोन करून सांगितलं, डाव सापडला. नाव 'अर्धा गार्ड' सांगितलं तर हसले. "अर्धा कसला डाव!" मग सगळं विचारून घेतलं. हात कुठे, डोकं कुठे, वरचा काय करतो. मी म्हटलं, वरचा खांदा माझ्या जबड्यावर दाबतो, तोंड वळवतो आणि मला सपाट करतो, तिथं मी संपतो.

"मग तोड काय काढलीस?"

"अजून नाही सापडली."

"सोमवारी जाणार आहेस ना?"

जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी निळ्यावर अडकलेलं असेल आणि ही तोड माहीत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.