पोथी, पुस्तक आणि टॅब: वाचणारीच्या हातात काय?

तुपाची शाई कधी ऐकली आहे का तुम्ही? मुंबईत गणपत कृष्णाजी नावाचे एक गृहस्थ होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ते छपाई शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला. शिळाप्रेस म्हणजे गुळगुळीत दगडावर अक्षरं उमटवायची आणि त्यावरून कागदावर छाप घ्यायचा. १८३१ साली त्यांनी पंचांग छापलं. तोवर पंचांग हातानं लिहिलेलं असे आणि ते जोशीबुवांच्या घरी असे. पण छापलेला कागद सोवळ्यातली माणसं हातात घेईनात. शाईत जनावराची चरबी असते, विटाळ होईल, ही भीती. मग गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली. छापील कागदाच्या या विटाळाबद्दल गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

हे आज सांगायचं कारण असं. तळोज्यात आमच्या बचत गटांनी मिळून वाचनाचा एक कोपरा करायचा ठरवलं आहे. एका देणगीदारानं विचारलं, 'टॅब देऊ, ते नुसतं वाचायचं ई-रीडर यंत्र देऊ, की कपाटभर पुस्तकं?' बैठकीत दोन तट पडले. तरण्या मुली म्हणाल्या टॅब. वयस्क काकू म्हणाल्या, नको गं बाई, डोळे जातात आणि पोरं बिघडतात. या भीतीत खरी किती आणि तुपाच्या शाईतली किती, हे मला बघायचं होतं. म्हणून थोडं मागे जाऊन वाचलं, ते तुम्हाला सांगते.

आधी पोथी. आडवी सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती लाल फडकं. एक पोथी नकलून काढायला महिनेच्या महिने लागत, आणि नकलताना चुका होत. एका नकलेतली चूक पुढच्या दहा नकलांत जाई. म्हणून तर एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करावी लागली. नकलणारे लोक पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडून एक विनंती घालत: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. मूर्ख कोण हे ठरवणारे कोण होते, ते तुम्ही ओळखा. आपल्या आज्या-पणज्यांना चातुर्मासात पोथी मिळाली ती कानानं, हातात नाही.

छपाईनं हे एका दिवसात बदललं नाही. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी छापून आणली. १८६९ साली जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला. पोथ्याही छापून निघू लागल्या, जुन्याच घाटाच्या, आडव्या पानांच्या, ठळक टाइपातल्या. ठळक अशासाठी की पोथी चौरंगावर ठेवून लांबून वाचायची असते. ही मोठ्या अक्षराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोथी स्वस्त झाली तरी वाचायला बाई कुठे होती? सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली १८४८ मध्ये. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात रमाबाई शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना टोमणे मारले. हे त्यांनी स्वतः १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं आहे. म्हणजे घरात पुस्तक होतं, शिकवणारा नवरा होता, तरी उघडपणे वाचायची सोय नव्हती. मला वाटतं, वस्तू कोणती याआधी हे बघायला हवं: ती बाईच्या हातात किती वेळ आणि कोणाच्या परवानगीनं राहते?

आता छापील पुस्तकाची ताकद सांगते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. बायकांना दोष देणाऱ्या पुरुषांना त्यांनी असं काही धुतलं आहे की आज वाचतानाही धडकी भरते. टीका झाली आणि पुस्तक विस्मरणात गेलं. जवळजवळ नव्वद वर्षांनी स. गं. मालशे यांच्या हाती त्याची प्रत लागली आणि १९७५ मध्ये त्यांनी ते पुन्हा छापलं. एवढी वर्षं त्या प्रतीला ना चार्जर लागला, ना पासवर्ड.

पण कागद टिकला म्हणजे वाचता येतोच असंही नाही. आमच्या पनवेल तालुक्यात जुन्या घरांच्या पेट्यांत मोडीत लिहिलेले जमिनीचे कागद आहेत. छपाईत बाळबोध लिपी चालली, मोडी शाळेतून आणि सरकारी कामातून मागे पडत गेली, आणि आज आजोबांचा कागद वाचायला पैसे देऊन जाणकार आणावा लागतो. कॉम्प्युटरचंही तसंच. काही वर्षांपूर्वी एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसायची. युनिकोड रुळल्यावर तो त्रास कमी झाला.

आता यंत्रांकडे येऊ. किंडल हा ई-रीडर अमेरिकेत २००७ मध्ये आला. मराठी पुस्तकं त्यावर रीतसर मिळू लागली २०१६ च्या अखेरीस. त्याचा पडदा कागदासारखा असतो, उन्हातही दिसतो, डोळ्यांवर लख्ख उजेड मारत नाही आणि एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालतो. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, म्हणजे आजीबाईंना चौरंगावरची ठळक पोथीच परत मिळाली. त्यावर क्रिकेट दिसत नाही, गेम खेळण्याजोगं काही नसतं, म्हणून घरातलं कोणी तो हिसकावून नेत नाही. हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दोषही मोठा आहे. पुस्तक विकत घेतलं तरी ते शेजारणीला वाचायला देता येत नाही. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉननं ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण विचार करा, दुकानदार रात्री घरात शिरून फडताळातलं पुस्तक घेऊन गेला तर आपण काय म्हणू?

टॅबचं म्हणाल तर २०११ मध्ये केंद्र सरकारनं विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला होता. मोठा गाजावाजा झाला. बॅटरी लवकर संपते, पडदा बोटाला दाद देत नाही अशा तक्रारी आल्या आणि तो मागे पडला. आताचे टॅब पुष्कळ चांगले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी पुस्तकं फुकट देतात, तीही त्यावर वाचता येतात. ज्यांना अक्षर जुळवायला जड जातं त्यांना टॅब वाचून दाखवतो. आमच्या आगरी लग्नातल्या धवलारणींची गाणी तोंडपाठ असतात. ती ध्वनिमुद्रित करून ठेवायला टॅबसारखं साधन नाही. मात्र टॅब घरी गेला की तो पोरांचा होतो, आणि संध्याकाळनंतर नवऱ्याचा. काकूंच्या भीतीतला हा भाग खरा आहे, त्यात तूप-चरबी काही नाही.

कागदाचीही बाजू गोड गोड नाही. तळोज्याचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. भिंतीला ओल येते, पुस्तकाला कसर लागते, लाकडी कपाटाला वाळवी. कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या आणि पाऊस उघडला की उन्हं दाखवणं, एवढं कोणीतरी करायलाच हवं.

तरी माझं मत पुस्तकांच्या बाजूनं पडलं. एक पुस्तक दहा घरं फिरतं, आणि वाचता न येणारीला नातीकडून वाचून घेता येतं. साताऱ्याकडच्या भिलार गावानं २०१७ मध्ये घराघरांत पुस्तकं ठेवून पुस्तकांचं गाव केलं, ते याच बळावर. आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. वाचनालय नीट चालवून दाखवलं तर शासनमान्यतेसाठी आणि अनुदानासाठी अर्ज करता येतो.

म्हणून देणगीदाराला आम्ही असं कळवतो आहोत: लोखंडी कपाट आणि मोठ्या टाइपातली पुस्तकं द्या, डोळे अधू झालेल्यांसाठी एक ई-रीडर द्या, आणि टॅब द्यायचाच असेल तर एकच द्या, तो गटाच्या खोलीतच राहील. कपाटाच्या दोन चाव्या करणार आहोत. एक अध्यक्षांकडे, दुसरी खोलीच्या शेजारी राहणाऱ्या ताईंकडे, म्हणजे दुपारी भांडी आटोपून कोणी आली तर दार बंद दिसायला नको.