मॉरिशस : सातासमुद्रापारची मराठी माणसे

मॉरिशस हा हिंदी महासागरातील जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा देश. तिथले समुद्रकिनारे पर्यटकांना ठाऊक असतात. परंतु गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे पुष्कळांना माहीत नसते!

१८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही मुंबई बंदरातून गेली. हे मजूर जिथे उतरत, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला.

मी रेल्वेतला माणूस, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथे १८६४ मध्येच आगगाडी धावू लागली, म्हणजे आपल्या लखनौ-कानपूर मार्गाच्याही तीन वर्षे आधी! पुढे मोटारींच्या स्पर्धेत १९५६ मध्ये प्रवासी गाड्या आणि १९६४ मध्ये मालगाड्याही बंद पडल्या. २०१९ मध्ये उद्घाटन झालेली मेट्रो बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या मार्गावरून जाते. ती बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोने.

तिथल्या बहुतेक मराठी घरांत आता क्रिओल बोलली जाते. तरीही शाळांतून मराठी शिकवतात आणि गणपतीपुढे कोकणातली 'झाकरी' रंगते. आपल्या महानगरातही मुले मंडपात आरत्या पाठ म्हणतात आणि घरी जाऊन हिंदीत बोलतात. भाषेला वर्षातले दहा दिवस पुरत नाहीत. त्यांनी शाळा धरून ठेवली; आपण निदान घर तरी धरू या.

गणपती बाप्पा मोरया!